मांडीमागचा स्नायू : ब्रिजच्या पुढे काय?

प्रश्न : माझे वय 36. कापणी झालेल्या शेतात फुटबॉल खेळताना तीन महिन्यांपूर्वी उजव्या मांडीमागे लचक भरली. फिजिओथेरपिस्टनी शिकवलेला, उताणे झोपून कंबर उचलण्याचा ‘ब्रिज’ रोज करतो. चालताना दुखत नाही, पण वेगाने धावलो की तिथेच ओढ लागते. आता कोणते व्यायाम निवडावेत?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ब्रिज चुकीचा नाही, तो आता अपुरा पडतो आहे. हॅमस्ट्रिंगचे, म्हणजे मांडीमागचे, स्नायू बसताना टेकणाऱ्या हाडापासून निघून गुडघ्याखाली पोचतात आणि धावताना पाऊल जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी, लांबलेल्या अवस्थेतच, त्यांच्यावर सर्वांत जास्त ताण येतो. गुडघे दुमडून केलेल्या ब्रिजमध्ये ते आखडलेले राहतात आणि बरेचसे काम नितंबाचे स्नायू करतात. टाचा वीतभर पुढे सरकवून पाहा, भार लगेच मांडीमागे उतरल्याचे जाणवेल.

हे दोन्ही पायांनी सहज जमल्यावर एका पायाने करावे, पुढे टाचा सोप्यावर ठेवून. त्यानंतर गुळगुळीत फरशीवर टाचांखाली टॉवेल घ्यावा आणि कंबर उचललेली ठेवून पाय सावकाश लांब सरकवावेत. त्याच सुमारास, हातात थोडे वजन घेऊन, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकण्याचा व्यायाम सुरू करावा, कारण त्यात स्नायू लांबत असतानाच भार पेलतो. गुडघ्यांवर उभे राहून, घोटे कोणीतरी धरलेले असताना पुढे झुकण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम परिणामकारक असला तरी तो शेवटी घ्यावा आणि प्रथम तीन-चार आवर्तनेच करावीत. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना याचे कारण कळेल.

याच्या जोडीला, नितंबाच्या बाजूच्या स्नायूसाठी कुशीवर झोपून वरचा पाय उचलतात. यात बहुतेकांची कंबर नकळत मागे कलंडते आणि मांडीचा पुढचा भागच काम करतो. म्हणून पाठ भिंतीला लावून, टाच भिंतीवरून घासत वर न्यावी.

व्यायामाच्या वेळी, दुखण्याच्या तीव्रतेला दहापैकी गुण दिले तर तीनपर्यंतचे दुखणे चालते, मात्र ते दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर यायला हवे. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, अथवा दुखापतीच्या वेळी ‘टक्’ असा आवाज होऊन मोठा काळानिळा डाग पडला असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. धावण्याचा वेगही टप्प्याटप्प्यानेच वाढवावा. पूर्ण वेगाने दोन-तीनदा धावून ओढ लागली नाही, तरच सामन्यात उतरावे.