ऐकलेलं पोटात राहील का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा 23 वर्षांचा, कॉमर्स झालेला. चर्चच्या युवकांबरोबर एका बेटावर पंधरा दिवस राहून आला आणि तेव्हापासून एकच धरून बसलाय: सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात जायचं आणि पुढे अशाच एखाद्या बेटावरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांत, पाळक (पास्टर) व्हायचं. त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. तुम्ही मला दोन गोष्टी विचारल्यात. तिथे त्याचं भागेल का, आणि इतक्या एकटेपणात तो टिकेल का?

भागण्याचं आधी सांगते. श्रीमंती नाही, पण उपासमारही नाही. बहुतेक संप्रदायांत पाळकाला मानधन आणि राहायला पार्सोनेज, म्हणजे चर्चचं घर मिळतं. छोट्या मंडळीच्या अर्पणातून सगळा खर्च निघत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी संप्रदायाकडून मदत येते, किंवा दोन-तीन बेटांच्या मंडळ्या मिळून एक पाळक असतो. ध्यानात ठेवायची गोष्ट एकच, आणि ती तरुणपणी कुणी सांगत नाही: ते घर नेमणुकीबरोबर येतं आणि नेमणुकीबरोबर जातं. निवृत्तीच्या दिवशी डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं असेल तर पहिल्या मानधनापासून थोडं थोडं बाजूला पडलं पाहिजे. मुलाने कॉमर्स केलंय ते इथे उपयोगी पडेल. मंडळीचे हिशेबही त्यालाच बघावे लागतील.

मार्ग सरळ आहे, पण लांब आहे. आधी स्वतःच्या मंडळीची शिफारस, मग संप्रदायाची निवड, मग बी.डी. किंवा एम.डिव्ह. या धर्मशास्त्राच्या पदवीसाठी सेमिनरीतली काही वर्षं, त्यानंतर अनुभवी पाळकाच्या हाताखाली उमेदवारी आणि शेवटी दीक्षा. नेमणूक कुठे बिशप करतात, कुठे मंडळी स्वतः बोलावते. बेट मागितलं म्हणून मिळेलच असं नाही. हे त्याला आजच माहीत असू द्या.

आता एकटेपणा. तुम्ही लिहिलंय की तो रात्र रात्र स्कॉटलंडच्या आयोना बेटाबद्दल वाचत असतो. वाचू दे. पण 563 साली संत कोलंबा त्या बेटावर उतरले तेव्हा बारा सोबती घेऊन उतरले, असं परंपरा सांगते. 1938 मध्ये जॉर्ज मॅक्लाउड या पाळकांनी तिथल्या मठाच्या पडक्या इमारती पुन्हा उभ्या करायला घेतल्या, तेव्हा बेकार कारागिरांच्या बरोबरीने पाळकीचं शिक्षण घेणारी तरुण मुलं दगड उचलत होती. मुलाच्या मनातलं बेट शांत आहे, तिथे समुद्राची गाज आहे आणि प्रार्थना आहे. खऱ्या बेटावर माणसं आहेत आणि त्यांची कामं आहेत. बायबलमध्ये प्रेषित पौलाचं जहाज माल्टा बेटाजवळ फुटलं, 276 माणसं किनाऱ्याला लागली, आणि त्यानंतर पौल काय करताना दिसतो? पावसात शेकोटीसाठी काटक्या गोळा करताना. मला तो प्रसंग फार आवडतो. बेटावरच्या पाळकाचा आठवडा असाच जातो. छप्पर गळतं, जनरेटर बंद पडतो, कुणाच्या आजोबांचा फॉर्म भरायचा असतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका पाळकांच्या घरी मी चार दिवस राहिले होते. सकाळी उठल्यावर ते आधी दार उघडून पाणी आणि वारा बघायचे, मग प्रार्थना. दाराशी एक पिशवी कायम भरलेली असायची: प्रभुभोजनाचा छोटा संच, टॉर्च, रेनकोट आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं बाप्तिस्म्याचं रजिस्टर. वारा उठला की पलीकडच्या बेटावरची उपासना त्यांच्याविना व्हायची, म्हणून तिथल्या मंडळीतल्या दोन वडीलजनांना, म्हणजे जबाबदार पुढाऱ्यांना, त्यांनी उपदेश करायला स्वतः तयार केलं होतं. क्रेत बेटावर मागे ठेवलेल्या तीत या आपल्या सहकाऱ्याला पौलाने हेच काम सांगितलं होतं, गावोगाव वडील नेम. तुमच्या मुलाला स्वतः बोलायला आवडतं की दुसऱ्याला बोलतं करायला? हे जरा पाहा.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आले. दार लोटून आत तासभर बोलत होते, जाताना डोळे लाल होते. दुपारी आम्ही धक्क्यावर बोटीची वाट बघत होतो, तर त्यांचा सख्खा भाऊ शेजारी येऊन उभा राहिला. ‘‘सकाळी दादा आला होता ना? काय म्हणत होता?’’ पाळकांनी समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘वारा उद्या पडेल असं दिसतंय.’’ मग जाळ्यांची चौकशी केली, त्याच्या मुलीच्या परीक्षेची केली. भाऊही समजला, त्याने पुन्हा विचारलं नाही.

ताई, मला वाटतं या कामाची खरी पात्रता तिथे धक्क्यावर दिसली. शहरातला पाळक रात्री दुसऱ्या वस्तीत घरी जातो. बेटावर मात्र सकाळी ज्याचं कर्ज, दारू, घरातलं भांडण ऐकलं, तोच दुपारी बोटीच्या रांगेत पुढे असतो आणि रविवारी समोरच्या बाकावर. दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान द कुन्हा बेटावर अडीचशेहूनही कमी माणसं राहतात, विमानतळ नाही, केपटाउनहून जहाजाने जायला आठवडाभर लागतो. अशा ठिकाणी एक वाक्य पाळकाच्या तोंडून निसटलं तर ते दोन्ही घरं आणि तो स्वतः, तिघांनाही जायला दुसरी जागा नसते. एकटेपणा असतो तो याचा. माणसं भोवती सतत असतात, पण आपलं मन मोकळं करावं असं त्यांच्यात कुणीच नसतं. म्हणून नेमणूक घेताना त्याने मानधनाआधी हे विचारावं: रजेवर गेलो तर बदली पाळक कोण येणार? आठवड्यातून एकदा ज्यांच्याशी बोलता येईल असे बाहेरचे वरिष्ठ पाळक नेमून देणार का? पुढे लग्न झालं तर बायकोलाही हेच लागू, कारण लोक तिला तर आधी विचारतील.

सेमिनरीचा अर्ज एक वर्ष थांबू शकतो. त्याआधी त्याला त्याच बेटावर परत पाठवा, पण वाईट हवामानात, बोटी अधूनमधून बंद असतात तेव्हा, निदान सहा आठवडे. एकट्याने जाऊ दे, युवकांचा गट नको. पाळकांच्या मागे पिशवी धरून फिरू दे, आजाऱ्यांच्या भेटी, दफनविधी, पंचांच्या मीटिंगा, सगळीकडे. जमल्यास तिथेच सुतारकाम किंवा वायरिंग हाताखालून घालू दे. पौलसुद्धा तंबू शिवून पोट भरत होता. त्याच्या वडिलांना एवढंच सांगा की मुलगा अजून काही ठरवत नाहीये, बघायला चाललाय. बोटीपर्यंत सोडायला ते गेले तर फार बरं होईल.

आणि तो परत आला की तुम्ही साहजिकच विचाराल, कुणाकुणाकडे गेलास, काय बोलले. तो जर नुसताच वाऱ्याबद्दल आणि बोटींबद्दल बोलत राहिला, तर मनाला लावून घेऊ नका. मला मात्र त्याच दिवशी कळवा.