काखेतल्या गळवांचं ऑपरेशन म्हणे सौंदर्यासाठी!

प्रश्न : पत्नीला चार वर्षांपासून काखेत गळवं होतात, फुटतात, पुन्हा तिथेच येतात. निदान हायड्राडेनायटिस सप्युराटिव्हा. औषधांनी भागेना, म्हणून मिरजेत तो भाग काढून मांडीची कातडी लावली. बिल पावणेदोन लाख. आरोग्यविम्याचा हप्ता सहा वर्षं न चुकता भरतोय. तरी ‘प्लास्टिक सर्जरी पॉलिसीत बसत नाही’ म्हणून दावा नाकारला. एजंट म्हणतो, सोडून द्या.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : अजिबात सोडू नका. कंपनीने कलम अर्धंच वाचलंय. पॉलिसीत ‘एक्सीएल ०८’ कोडचं कलम काढा. त्याचा मजकूर विमा नियामकानेच ठरवून दिलेला आहे. प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे खरी. पण अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना या वगळणुकीतून सुटते, म्हणजे तिला विमा लागू होतो, आणि प्रकृतीचा थेट, तातडीचा धोका टाळायला गरजेची शस्त्रक्रियाही सुटते. अट एकच : ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली हवी.

घोडं बहुधा इथेच पेंड खातंय. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘एक्सिजन अँड स्किन ग्राफ्ट’ असेल, तर कारकुनाला त्यातून काय कळणार? सर्जनकडून सविस्तर पत्र घ्या : हर्ली स्टेज (म्हणजे या आजाराच्या तीव्रतेची पायरी) कोणती, कातडीखाली पू वाहणाऱ्या नळ्या किती पसरल्या होत्या, कोणती अँटिबायोटिक्स किती दिवस दिली, हात वर होत होता का. ‘रुग्णास त्रास होता’ असलं मोघम नको. आणि तुम्हीही संकोचून ‘त्वचेचा त्रास’ लिहू नका. हा आजार अस्वच्छतेने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

हे पत्र जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा, पोच घ्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, आणि वकिलाला तिथे मज्जाव आहे, त्यामुळे माझ्यासारख्या वकिलाचाही खर्च वाचला. तिथे जमलं नाही तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. मात्र मुदत दोन वर्षांची, ती विसरू नका. आयोगात आधी गेलात, तर त्याच दाव्यासाठी लोकपालांचं दार बंद होतं.

‘आजार आधीपासून होता’ असं कंपनी आता म्हणाली तर? नकारपत्रात नसलेलं कारण मागाहून पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात (२०१९) सांगितलंय. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. तेव्हा ते नकारपत्र पाकिटासकट जपून ठेवा.