वर्षभर बंद घरात विळी-सुऱ्या ठेवायच्या तर

सोलापुरातलं घर वर्षभर बंद राहणार आणि आजीची विळी, लोहाराकडून घडवून घेतलेल्या दोन सुऱ्या नि कोयता गंजू द्यायचा नाही, असा तुमचा प्रश्न. काकूंचा सल्ला असा, की करडईचं तेल चोपडून जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळा. तेलही नको आणि चादरही नको.

करडईचं तेल आपल्याकडे घरात असतंच, म्हणून हात आधी तिकडे जातो. पण हवा लागली की ते हळूहळू सुकतं. आधी चिकट होतं, मग पिवळट पापुद्रा धरतं. रंग बनवायलाही हे तेल वापरतात ते याच गुणामुळे. शेंगदाण्याचं तेल खवट होतं. त्यापेक्षा मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. पोट साफ व्हायला देतात तेच, त्यामुळे दुकानदाराने काळजीने पाहिलं तर पाहू द्या. बाटलीतलं तेल नितळ हवं. दुधासारखं पांढरं औषध हातात ठेवलं तर परत करा, त्यात पाणी असतं. कोयत्याला मशीनचं तेल किंवा ग्रीसही चालेल, तो काही भाजी चिरायला येत नाही.

खरी मेहनत तेल लावण्याआधीची. धुऊन पुसलेली सुरी कोरडी दिसते, पण पातं जिथे मुठीत शिरतं त्या फटीत पाणी दडून राहतं आणि गंज तिथूनच वर येतो. म्हणून दुपारी थोडा वेळ पातं उन्हात आणि मूठ सावलीत, असं ठेवा. लाखेने बसवलेली मूठ तापली की ढिली होते. मग कोमट पात्यालाच तेल लावा, पातळ होऊन ते फटीत उतरतं. विळीच्या खोवणीचे दात जुन्या टूथब्रशने घासून घ्या, बेचक्यांत खोबऱ्याचा कीस अडकलेला असतो. शेवटी जादा तेल टिपून टाका. पातं तुकतुकीत दिसावं, ओघळ नको. त्यानंतर पात्याला उघडा हात लावू नका. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजात उमटतात.

चिंच-लिंबाने आलेला काळा-निळसर रंग घासून काढू नका, त्याचा थोडाफार आडोसाच होतो. तांबूस पूड मात्र तेल लावून तारेच्या घासणीने आधी काढा.

चादर काय, टॉवेल काय, सुती कापड दमट हवेतला ओलावा शोषतं आणि पात्याला बिलगवून ठेवतं. वर्तमानपत्राचंही तेच. चामड्याच्या म्यानात तर कमावताना वापरलेले क्षारही असतात. एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये व्हीसीआय कागद मागून पाहा. यंत्राचे सुटे भाग त्यात गुंडाळून पाठवतात. त्यातून निघणारी वाफ लोखंडावर गंजरोधक थर धरते, मात्र पुडकं बंद हवं. नाही मिळाला तर बटर पेपर, घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या.

'सोलापूर कोरडं, इथे कसला गंज' असं म्हणणाऱ्यांकडे उन्हाळ्यात कूलर चालू असतो आणि स्वयंपाकघरात पाण्याची पिंपं भरलेली असतात. तुमचं घर बंद असल्याने हे दोन्ही टळेल. राहतो तो पावसाळा, त्यातही सप्टेंबरचा. डबा सिंकखाली न ठेवता बेडरूमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा. किल्ली ज्यांच्याकडे देणार त्यांना दिवाळीच्या सुमारास एकदा डबा उघडून पुड्या बदलायला सांगा. परत आल्यावर साबणाने धुऊनच वापरायला काढा.