आजारी-म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या केअर सेंटरमधल्या मावशींना ट्रेनिंग दिल्याने खरंच फरक पडतो का, की तो फी वाढवायचा बहाणा?

पडतो. आणि "माया असली की सगळं येतं" हे वाक्य मला पुन्हा कुणी ऐकवू नये.

ते माझ्या थोरल्या भावाचं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पुण्यात, वारज्याला दोन खोल्यांत, नोकरी खराडीला. सिंहगड रोडचं एक सेंटर दादाने अमेरिकेतून पसंत केलं. लॉबीला ग्रॅनाइट, जागोजागी कॅमेरे. मावशींना कुणी शिकवतं का, असं मी विचारलं, त्यावर हे उत्तर.

माया होतीच हो. चार दिवसांपूर्वी ब्यूरोतून, म्हणजे अशी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून, आलेली मावशी. रात्री बाबांनी पाणी मागितलं, ती बिचारी लगेच उठली आणि त्यांना आडवंच ठेवून वाटीने पाजलं. झटक्यानंतर गिळणं बऱ्याचदा बिघडतं, घट्ट पेजेपेक्षा पातळ पाण्याचा ठसका लवकर लागतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाणी फुप्फुसात. न्यूमोनिया, अकरा दिवस हॉस्पिटल. कॅमेऱ्यात सगळं आहे, किती जपून पाजतेय ते.

नंतर धायरीला एका जुन्या बंगल्यात हलवलं. रंग उडालेला, लिफ्ट नाही. पण तिथल्या सिस्टर दुपारची जेवणं उरकली की अर्धा तास मावशी-मामांना घेऊन बसायच्या. कामावर नवीन आलेल्या मावशीला किंवा मामाला आधी कॉटवर आडवं करून दुसऱ्याकडून चमचाभर पाणी पाजायच्या. मग सांगायच्या: भरवताना बसतं करा, नंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. माकडहाडाशी लाली दिसली तर बोटाने दाबा. पांढरी पडली नाही तर बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात, तिथे चोळायचं नाही. (मी घरी तेल लावून चोळत होते!)

फीचं म्हणाल तर आमची तिथे कमीच होती. लिफ्ट नसल्यामुळेही असेल. आणि हेही खरं की रात्री वीस पेशंटांमागे एकच मावशी असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलणं रजिस्टरमध्येच होतं, ती कितीही शिकलेली असो. पगार नीट नसेल तर शिकलेली मावशी दुसरीकडे जाते, ते वेगळंच.

जागा बघायला जेवणाच्या वेळी जा, लॉबीत थांबू नका.

दादाच्या मते बाबांना न्यूमोनिया पावसाळी हवेने झाला. जुलै होता, हे मला मान्य आहे.