मारामारी सोडलेला मुलगा शोध

प्रश्न : काका, मी ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या भितरवार तहसीलमधल्या एका सरकारी शाळेत शिकवते. माहेर ग्वाल्हेर शहरातल्या लश्कर भागातलं, त्यामुळे गावच्या रीतीभाती अजून शिकतेच आहे. दिवाळीनंतर नववी-दहावीच्या मुलांत दोनदा मारामारी झाली. सुरुवात मोबाइलवरच्या स्टेटसवरून, शेवट लाठ्यांवर. एकाच्या डोक्याला सात टाके पडले. बारावीच्या मुलांनी धाकट्यांचं सोबती व्हावं, त्यांना सांभाळून घ्यावं, असं मला वाटतं. प्राचार्य म्हणतात, मोठी पोरंच बिघडलेली, ती लहानांना काय सुधारणार? हे जमेल का? मुलं कशी निवडू?
– एक शिक्षिका

उत्तर : जमेल, बेटा. पण प्राचार्यांची भीती उडवून लावू नकोस, ती खरी आहे. टॉमस डिशियन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये हेच मांडलं होतं : दांडगी मुलं एकत्र बसवली की ती एकमेकांच्या दांडगाईला हसून दाद देतात आणि सुधारण्याऐवजी आणखी बिघडतात. म्हणून सगळ्या भांडखोरांचा एक वर्ग भरवू नकोस. एका मोठ्या मुलाकडे एक धाकटा, फार तर दोन.

आता निवड. मी डबऱ्याकडच्या एका गावात सव्वीस वर्षं व्यायाम शिक्षक होतो. तुझ्यासारखीच कल्पना मलाही सुचली आणि मी मॉनिटर निवडला : पहिला नंबर, तेल लावलेले केस, माझा लाडका. तो रोज येऊन मला नावं सांगायचा. महिनाभरात मुलांनी त्याला ‘मास्टरचा मुखबिर’ ठरवलं आणि एका संध्याकाळी नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर गाठलं. त्याचा हात मोडला. ती चूक माझी होती, आजही ती मला छळते.

नंतर निवडला तो बारावीत दोनदा नापास झालेला, एके काळी स्वतः लाठी घेऊन फिरणारा मुलगा. त्याच्या थोरल्या भावावर केस चालू होती, तारखांना जाऊन जाऊन घरची म्हैस विकली गेली होती. तो धाकट्यांना उपदेश करत नसे. म्हैस विकली त्या दिवशी आई कशी बसली होती, एवढंच सांगायचा. पोरं गप्प ऐकायची.

आपल्या चंबळमध्ये हे नवं नाही. 1960 साली विनोबांपुढे बागींनी, म्हणजे इथल्या दरोडेखोरांनी, शस्त्रं ठेवली, त्यांत लोकमन दीक्षित, म्हणजे लुक्का, होता. पुढे जयप्रकाशजींच्या वतीने टोळ्यांशी बोलायला जे बीहडात, चंबळच्या घळींत, गेले त्यांत लोकमन होता आणि नामी बागी मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंहही. एप्रिल 1972 मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला बंदुका खाली ठेवल्या गेल्या, त्यामागे या माणसांची पायपीट होती. बागीचा विश्वास बसला तो बागी राहिलेल्या माणसावर.

तेव्हा मारामारी करून सोडलेला मुलगा शोध. पण सोडून वर्ष तरी झालेलं हवं, काल सोडलेला नको. आणि मुलं भांडणाऱ्या दोन्ही टोल्यांतली, म्हणजे वस्त्यांतली, घे. तुझ्याकडे हरसीच्या नहरीचं पाणी येत असेल तर पाण्याच्या पाळीवरून घराघरांत बैर असणार. स्टेटस हे निमित्त. एकाच टोल्यातली मुलं घेतलीस तर गावाला ती त्या टोल्याची फौज वाटेल.

मोठ्याचं काम काय, हे धाकट्यांसमोरच ठरव. कुणी चिडवलं, ‘मूँछ का सवाल है’ म्हणालं, की पहिला तासभर त्याने त्या मुलाबरोबर राहायचं. व्हॉलीबॉल खेळा, सायकलवर घरापर्यंत जा, काहीही. लाठ्या निघाल्यावर मात्र त्याने मध्ये पडायचं नाही. धाकट्याने सांगितलेलं त्याच्यापाशीच राहील. फक्त हत्याराची गोष्ट, जिवावरची धमकी किंवा कुणाशी झालेलं वाईट कृत्य त्याने तुला सांगायचंच, आणि हेही धाकट्यांना आधीपासून माहीत हवं. कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, दिसला तर ते काम पोलिसांचं, मुलाचं नाही, तुझं एकटीचंही नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर त्यांच्या वहीत लिहून दे.

सुरू केलंस तर वर्षभर नेटाने चालव. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांच्या 2002 च्या अभ्यासात वर्षभर टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला. बोर्डाची परीक्षा आली की बारावीची मुलं निघून जातील, म्हणून अकरावीतली घे. आणि दर शनिवारी त्या मोठ्यांना घेऊन तू स्वतः बस. दुसऱ्यांचं ओझं ऐकणारी ती पोरंच आहेत, त्यांचं कोण ऐकणार?

गावच्या आशाताईंना ‘साथिया’बद्दल विचार. 2014 पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातलीच मुलं-मुली साथिया म्हणून घेतात आणि हिंसा हा त्यातला एक विषय आहेच. मुलींनाही घे. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे त्यांना तुझ्याआधी कळतं.

एक राहिलं. डोकं फुटलेल्या मुलाचे टाके तू मोजून लिहिलेस. ज्याने मारलं त्याच्याबद्दल पत्रात एक ओळ नाही. तो शाळेत येतो का? येत नसेल तर या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन ये आणि मला कळव.