तिला गोड करू नकोस

बाय,

तुझं पत्र वाचलं. तुला गावातल्या खुनाचा शोध लावणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कादंबऱ्या आवडतात हे तू इतकं खाली मान घालून का लिहिलंस? मैत्रीण म्हणाली, चहा पितापिता खुनाची गोष्ट वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या मरणावर आपली करमणूक, आणि तू लगेच गप्प झालीस. वर आणखी एक लिहिलंस. गोव्यातल्या फोंडा महालातल्या एका गावातली म्हातारी शोध लावते अशी गोष्ट तुझ्या डोक्यात होती, पण आता तुला ती म्हातारी फिकी वाटते. म्हणून शोध लावायला पणजीची पत्रकार मुलगी आणायची, आणि आजीने तिला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करून घालायच्या, मधूनमधून एखादी म्हण सांगायची. हे वाचल्यावर मला बसवेना.

लिहिण्याची मेहनत, वाचन, मराठीत लिहावं की नाही, यांवर मी काही सांगत बसत नाही. ते तुला कळतं. मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे: तिला गोड करू नकोस.

या पुस्तकांची ओढ कशाची असते ते आधी पाहा. आगाथा ख्रिस्तीची शोध लावणारी म्हातारी मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेतून पहिल्यांदा आली आणि १९३० मध्ये तिची पहिली कादंबरी निघाली. ती कादंबरी तू नीट वाच. गावच्या पाद्रीची बायको तिथे सांगते की मार्पलइतकी खवट बाई गावात दुसरी नाही. तिला सगळं कळतं आणि त्यातून ती वाईटातला वाईट अर्थ काढते. मार्पल बागेत खुरपणी करत असते, हातात पक्षी बघायची दुर्बीण असते, आणि रस्त्यावरून कोण कधी गेलं हे तिच्या नजरेतून सुटत नाही. आगाथा ख्रिस्तीने आत्मचरित्रात आपल्या आजीबद्दल लिहिलं आहे: हसरी बाई, पण प्रत्येकाकडून वाईटाचीच अपेक्षा करायची, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं. हा गुण तिने मार्पलला दिला. यात गोड काय आहे? ही बाई माणसं ओळखते, आणि तिला कुणी हिशेबात धरत नाही म्हणून तिच्यासमोर सगळे मोकळेपणी बोलतात. वाचक तिच्यासाठी परत परत येतो.

त्याच आत्मचरित्रातली आणखी एक गोष्ट मला तोंडपाठ आहे. १९२६ च्या एका कादंबरीत ख्रिस्तीने कॅरोलिन नावाची डॉक्टरची प्रौढ, अविवाहित बहीण रंगवली होती. घरबसल्या सगळ्या गावाची बित्तंबातमी काढणारी. पुढे त्या कादंबरीचं नाटक झालं तेव्हा कॅरोलिनला काढून टाकलं आणि तिच्या जागी एक तरुण देखणी बहीण आणली, प्रेमाचा धागा हवा म्हणून. ख्रिस्तीला ते फार लागलं, आणि मार्पलचा जन्म बहुधा तिथेच झाला असं ती म्हणते. तुझी पत्रकार मुलगी हीच ती देखणी बहीण आहे, बाय. तू आपल्या हाताने कॅरोलिनला घराबाहेर काढते आहेस.

माझ्या हस्तलिखिताबद्दल तू घरी ऐकलं असशील. आता माझ्याकडून ऐक. ज्यांच्याकडे दिलं होतं त्या प्रकाशकांनी कळवलं की नायिका पस्तिशीची करा. आजी राहू दे, पण प्रेमळ असू दे, वाचकाला तिच्याबद्दल माया वाटली पाहिजे. मी एक ओळ बदलली नाही. पुस्तक निघालं नाही. ते माझं पहिलं पुस्तक झालं असतं आणि या वयात आता दुसरं होणार नाही. त्याची हळहळ मला वाटते, फार वाटते. घरचेसुद्धा म्हणाले, इतका हट्ट कशाला. पण मी त्या पस्तिशीच्या बाईच्या तोंडी घालणार काय होते? समोरचा माणूस बापाच्या तेराव्यालाच भावाशी जमिनीवरून कसा भांडला होता, हे तिला ठाऊक कसं असणार? चाळीस वर्षं एका गावात राहिल्याशिवाय ते ज्ञान येत नाही. म्हातारीचं वय हेच तिचं हत्यार. ते काढून घेतलं की उरते ती फक्त धावपळ.

माझ्या हस्तलिखितातली म्हातारी मी आमच्या आतेवरून घेतली होती. आते लहान वयात विधवा होऊन माहेरी आली आणि उरलेला जन्म मागच्या पडवीत काढला. कोण कर्जात बुडालं आहे हे ती बायकांच्या हातांकडे बघून सांगायची. कालपर्यंत असलेली पाटली आज नाही, एवढं तिला पुरे. तिने कुणाला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. पण तिच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नव्हती. घरात कुठलाही निर्णय झाला तरी तिला कुणी विचारलं नाही, आणि तिला ठाऊक असलेलं सगळं तिच्याबरोबर गेलं. तिला मी नेवऱ्या करणारी गोड आजी करायची होती? नाही केली. आजही करणार नाही.

मैत्रिणीला काय सांगायचं ते सांगते. मेलेल्या माणसाला वर्तमानपत्रात चार ओळी मिळतात आणि उद्या तो विसरला जातो. या कादंबऱ्यांत एक माणूस मेला की कुणीतरी पुस्तकभर त्याच्याखेरीज दुसरा विचार करत नाही. २०२० मध्ये रिचर्ड ऑस्मनची वृद्धांच्या वसाहतीतल्या चौघांची कादंबरी आली आणि प्रचंड खपली. लोक तिला हलकीफुलकी म्हणतात. त्यातल्या एलिझाबेथचा नवरा स्मृतिभ्रंशाने हळूहळू तिच्यापासून दूर जातो आहे, आणि ती रोज ते बघत जगते. तो भाग वाचून मैत्रिणीने मला हलकंफुलकं म्हणून दाखवावं.

आता तुझं गाव. इंग्रजी कादंबरीतला म्हातारा मृत्युपत्र बदलून मुलांना बेदखल करायची धमकी देतो आणि त्याचा खून होतो. तुझ्या टिपणात तू तेच उचललं आहेस. गोव्यात ते चालणार नाही! १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेला नियम २०१२ च्या आपल्या कायद्यातही आहे: काही ठराविक कारणं सोडली तर बापाला आपल्या वाट्यातल्या अर्ध्याचीच इच्छेप्रमाणे वाटणी करता येते, बाकीचा अर्धा मुलांचा. घर विकायचं तर नवरा-बायको दोघांची संमती लागते. म्हणजे आपल्याकडे खुनाचं कारण मृत्युपत्रापेक्षा सही असणार. एक जुनं घर, वारस मुंबईत, लंडनमध्ये, कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेला, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचं प्रकरण, वर्षानुवर्षं कोर्टात, गिऱ्हाईक दारात उभं, आणि एकच माणूस सही करत नाही. इथून सुरुवात कर.

आणि आता तुझी म्हातारी बघ. १९६१ मध्ये ती बारा-तेरा वर्षांची होती, सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक शाळा, झालेली. म्हणजे जुनं पोर्तुगीज खरेदीखत ती चष्मा लावून सरळ वाचते, आणि तरुण इन्स्पेक्टरला भाषांतर करून देणारा शोधावा लागतो. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून येतो तेव्हा कुठल्या घरात किती पाव आणि किती उंडे जातात ते तिला माहीत आहे. एकट्या माणसाच्या घरी दुप्पट उंडे जायला लागले की तिथे कुणीतरी लपलं आहे. डोंगरावरचा काजरा तिला ओळखता येतो. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधशाळेत काम केलं होतं, आणि १९२० मधल्या तिच्या पहिल्या कादंबरीतलं विष स्ट्रिक्नीन आहे. ते याच काजऱ्याच्या बियांतून निघतं. भयंकर कडू. ते कशात मिसळलं तर कळणार नाही, हा विचार पत्रकार मुलीला पुस्तकातून करावा लागेल. म्हातारी कुणी न विचारता सांगेल, आणि सांगताना तिचा चेहरासुद्धा बदलणार नाही.

तिला चुकीचा संशय घेऊ दे. कुणाच्या सुनेबद्दल वाईट बोलू दे. तिच्या मनात जुने राग असू देत, जातीचा ताठा असू दे, कारण आपल्या गावातल्या त्या वयाच्या बायकांत तो असतो आणि तू तो झाकलास तर गाव खोटं होईल. वाचकाला तिची भीती वाटली पाहिजे आणि तरीही संकटात तिच्याच दारी जावंसं वाटलं पाहिजे.

चवथीला तू घरी येशीलच. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना जमतात त्या बायकांजवळ बस, फोन आत ठेव, आणि त्या एकमेकींना काय विचारतात ते ऐक. पहिलं प्रकरण त्यानंतर लिही आणि मला पाठव. पत्रकार मुलगी त्यात असली तर तिला निदान प्रश्न विचारण्यापुरतीच ठेव. नेवऱ्या कुणी करायच्या असतील तर तिने कराव्यात.

तुझी,
मावशी