टॉवेल सुती की पॉलिएस्टरचा?

प्रश्न : मी घरगुती कापडी माल आयात करते. यंदाच्या टर्किश टॉवेलांत वरचे लूप निव्वळ सुती आहेत, पण खालचे विणलेले कापड पॉलिएस्टरचे. वजनात पॉलिएस्टर ५५ टक्के भरते. गिरणीने बिलावर ६३०२.६० हा सुती टर्किश टॉवेलाचा सीमाशुल्क कोड घातला आहे. माझे भागीदार म्हणतात, पॉलिएस्टर जास्त, म्हणजे कृत्रिम तंतूचा कोड, ६३०२.९३. कोणाचे ऐकू? याच मालात चादरी, उशांचे अभ्रे, कुशन कव्हर आणि पुसायची फडकीही आहेत.

उत्तर : गिरणीचे ऐका. भागीदारांचा नियम खोटा नाही. मिश्र कापडात ज्या तंतूचे वजन जास्त, त्याचाच माल धरतात. पण एचएस नामावलीच्या, म्हणजे हे कोड जिथून येतात त्या मालाच्या जागतिक यादीच्या, अकराव्या विभागात उपशीर्षकांसाठी (सहा अंकी कोडांसाठी) एक टीप आहे : खाली आधाराचे कापड आणि वर लूप असतील, तर आधाराचे कापड मोजायचेच नाही. तुमचे ५५ टक्के पॉलिएस्टर इथेच बाजूला पडते. उरतात लूप, आणि ते सुती. लूपच सूत-पॉलिएस्टर निम्मे-निम्मे असते, तर मात्र टॉवेल कृत्रिम तंतूचा ठरला असता, कारण बरोबरी झाली की नामावलीत नंतर येणारा तंतू धरतात.

माल तपासण्यात माझी तीस वर्षे गेली. अशा टॉवेलाचा एक लूप चिमट्यात धरून ओढला की लांबच लांब धागा उसवत येतो. तो पेटवा : सूत कागदासारखे जळते, बोटाने चुरडली जाणारी राख राहते. आता खालचा धागा काढून पेटवा. तो आक्रसतो आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. कागदोपत्री मात्र प्रयोगशाळेचा अहवालच लागतो, आणि त्यात लूप व आधार यांचे घटक वेगवेगळे मागा. एकत्र टक्केवारीच्या अहवालावरूनच तुमच्यासारखे वाद उभे राहतात.

चादरी छापील असतील तर ६३०२.२१, रंगीत सुताच्या विणलेल्या चौकटी असतील तर ६३०२.३१. शंका आली तर काठाचा एक धागा उपसा. छापील चादरीत एकाच धाग्यावर रंग तुटक-तुटक दिसतो, सूत आधीच रंगवलेले असेल तर धागा टोकापासून टोकापर्यंत एका रंगाचा. दोन्ही गोष्टी विणलेल्या सुती चादरीच्या. होजिअरीची चादर ६३०२.१० मध्ये जाते.

उशीचा अभ्रा चादरीच्याच कोडात बसतो, कारण तो अंथरुणाचा भाग. कुशन कव्हर मात्र सजावटीचे, म्हणून विणलेले सुती असेल तर ६३०४.९२. दोन्ही चौकोनी, दोन्हींना एका बाजूला तोंड, त्यामुळे बिलावर सर्रास एका ओळीत येतात. एकाचा सबंध माल एवढ्याच कारणाने अडकलेला मी पाहिला आहे. माणूस प्रामाणिक होता, फक्त पॅकिंग यादीत दोन्हींना ‘कव्हर’ म्हटले होते. तुम्ही दोन ओळी करा आणि मापे लिहा. भरलेली उशी किंवा रजई असेल, तर ती थेट ९४०४ मध्ये.

फडक्यांचे नीट पाहा. धुतलेली भांडी कोरडी करायचा टॉवेल ६३०२ मध्येच राहतो, लादी पुसायची, भांडी घासायची जाडीभरडी फडकी ६३०७.१० मध्ये.

हे सहा अंक सगळीकडे सारखेच, पुढचे अंक आणि दर ज्या देशात माल उतरतो तिथले. टॉवेल दरवर्षी मागवणार असाल, तर तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे आगाऊ निर्णयासाठी, म्हणजे माल येण्याआधीच कोड ठरवून घेण्यासाठी, अर्ज करा. जागतिक व्यापार संघटनेच्या २०१७ मध्ये लागू झालेल्या व्यापार सुलभीकरण करारात ही सोय आहे. अर्जासोबत टॉवेलाचा एक तुकडा जोडा, आणि त्याचे दोन-चार लूप उसवूनच पाठवा.